विद्येच्या वेशी आणि आपला प्रश्न

माझ्या पुतणीने बी. ए. झाल्यावर आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर पदवीला जावयाचे ठरविले आहे. या निर्णयावरून भिंगारला आमच्या घरात गेला महिनाभर वाद चालू आहे. 'लिबरल आर्ट्स' या नावाखाली ही पदवी दिली जाते. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, साहित्य, तत्त्वज्ञान यांतील आपल्याला लागेल ते निवडावयाचे आणि एका प्रश्नाभोवती त्याची जुळणी करून प्रबंध लिहावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. मुलीचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याचा प्रश्न साधा आहे : "दादा, उद्या जाहिरात निघाली की हिनं अर्ज कोणत्या विषयात करायचा?" घरातला पहिला एम. ए. म्हणून निवाडा माझ्याकडे आला. तो मला तोंडी देता आला नाही, म्हणून हे लिहीत आहे. आमच्यासारख्या कितीतरी घरांत हाच वाद चालू असणार.

भावाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाविद्यालयात अध्यापक व्हावयाचे तर संबंधित वा संलग्न विषयातील पदव्युत्तर पदवी लागते, तीत ५५ टक्के गुण लागतात (आपल्याला ५ टक्क्यांची सूट आहे), आणि 'नेट'-'सेट' या परीक्षा विषयवार होतात. प्रश्नाची पदवी घेऊन येणाऱ्या मुलीला छाननी समिती प्रथम हेच विचारणार की, बाई, तुमचा विषय कोणता? ज्या घरात पहिला पगार येऊन जेमतेम दोन पिढ्या झाल्या, त्या घराने हा धोका का पत्करावा? प्रस्थापितांच्या मुलाने चार विषयांत मुशाफिरी केली तर तिला व्यासंग म्हणतात. आमच्या मुलीने केली तर 'धड एकही नाही' म्हणतात. हा फरक भावाला कोणत्याही ग्रंथावाचून कळतो.

पुतणीचा प्रश्न मात्र माझ्या आईकडून तिच्याकडे आला आहे. भिंगार हे छावणीच्या कडेचे गाव. नगर शहर वसण्यापूर्वीचे. इ. स. १४९० मध्ये मलिक अहमदने बहामनी फौजेचा पराभव येथेच केला आणि त्यानंतर नगर वसले. पुढे इंग्रजांची छावणी आली. आमच्या वस्तीतील माणसे त्या छावणीच्या आधाराने जगली. कोणी साहेबाच्या बंगल्यावर, कोणी घोड्यांच्या पागेत, कोणी सफाईत. आई म्हणत असे, "सायबाच्या पलटनीनं आपल्याला पाटी दिली का झाडू, त्ये कुनीतरी नीट शोधून काडा." पुतणीला तेच शोधावयाचे आहे.

हा प्रश्न एका विषयात मावत नाही. लष्करी शाळांमुळे आपल्यातील एक पिढी साक्षर झाली, हे खरे आहे. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत मुख्याध्यापक होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला. पण १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली. पलटणीचा दरवाजा मिटला, छावणीचा मागचा दरवाजा तेवढा उघडा राहिला. या दोन दरवाजांचा हिशोब मांडावयाचा तर लष्कराचा इतिहास हवा, जातीचे समाजशास्त्र हवे, छावणीच्या जमाखर्चाचे अर्थशास्त्र हवे, आणि वस्तीतील म्हाताऱ्यांच्या आठवणी व बायांच्या ओव्या ऐकणारा साहित्याचा कानही हवा.

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण हाच प्रश्न घेऊन चाळीसएक वर्षांपूर्वी मी एका विद्यापीठाच्या पायऱ्या झिजविल्या होत्या. मराठी विभागाने सांगितले, हा इतिहास आहे. इतिहास विभागाने सांगितले, तुमच्याकडे कागद कुठे आहेत? म्हाताऱ्यांच्या गप्पांना आम्ही साधन मानीत नाही, समाजशास्त्राकडे जा. समाजशास्त्राने सांगितले, तुमची एम. ए. मराठीची आहे. तीन विभाग एकाच व्हरांड्यात होते आणि त्या व्हरांड्यात माझी दोन वर्षे गेली. शेवटी मी ग्रामीण कवितेतील निसर्गावर प्रबंध लिहिला. तो मान्यही झाला. त्यात पाऊस होता, पाखरे होती, हिरवे रान होते. ते रान कोणाच्या नावावर होते, हे मात्र मी कोठेही विचारले नाही. पोटासाठी केलेली ती तडजोड होती आणि तिचे मला आजही वाईट वाटते.

आता 'लिबरल आर्ट्स' या शब्दाकडे येऊ. मराठीत त्याचे भाषांतर कोणी 'उदारमतवादी कला' असे करतात. ते फसवे आहे. मूळ शब्दात औदार्य नाही, स्वातंत्र्य आहे. प्राचीन रोममध्ये स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्या त्या 'लिबरल', आणि हातांनी करावयाची, पोटासाठीची कामे गुलामांची. म्हणजे या शिक्षणाच्या जन्मापाशीच एक वेस आहे. वेशीच्या आत फुरसत असलेला नागरिक, बाहेर राबणारा गुलाम. आपल्याकडे निराळे काय होते? एकाने मंत्र म्हणावयाचे, दुसऱ्याने ढोर ओढावयाचे, आणि ढोर ओढणाऱ्याच्या ज्ञानाला विद्या म्हणावयाचे नाही. गावाची हद्द कोठून जाते हे महाराला ठाऊक असे. सीमेच्या तंट्यात त्याचा शब्द प्रमाण धरीत. भूगोल, इतिहास आणि कायदा एकाच माणसाच्या डोक्यात होते. त्याला पदवी मिळाली नाही, भाकरतुकडा मिळाला.

या वेशीवर पश्चिमेत नेमके बोट ठेवणारा तत्त्वज्ञ जॉन ड्यूई. त्यांचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ साली निघाला. संस्कारासाठीचे शिक्षण आणि कामासाठीचे शिक्षण यांतील फाळणीचे मूळ त्यांनी ग्रीकांच्या गुलामगिरीवर उभ्या समाजात दाखविले आणि लोकशाहीत ती फाळणी टिकता कामा नये, असे प्रतिपादन केले. त्याच सुमारास त्यांच्या वर्गात महूच्या छावणीत जन्मलेला एक विद्यार्थी बसत होता.

कोलंबिया विद्यापीठातील बाबासाहेबांची अभ्यासक्रमांची यादी आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, पण वाचली जात नाही. १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी १ असे अभ्यासक्रम घेतले. एकूण ६०. आपल्या मराठी माणसाने घेतलेल्या आंतरविद्याशाखीय शिक्षणाचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. या यादीकडे नीट पाहावे. २९ हा आकडा मधोमध उभा आहे. घराला मेढ असावी तसे अर्थशास्त्र उभे आहे आणि बाकीचे विषय त्याला टेकले आहेत. 'थोडे हे, थोडे ते' असा हा प्रकार नाही.

या शिक्षणाचे फळ म्हणजे 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी तो वाचला गेला आणि १९१७ च्या मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. लेखकाचे वय तेव्हा २५. साहित्याचा अभ्यासक म्हणून हा निबंध मी पुनःपुन्हा वाचतो. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या लेखक एकामागून एक तपासतो. केतकरांबद्दल तो आदराने लिहितो, पण तेथे थांबत नाही. जातीचे स्वतःचे असे एकच लक्षण त्याला उरते : जातीतच लग्न. मग तो एक साधे गणित मांडतो. लग्न जातीतच व्हावयाचे तर लग्नाच्या वयाच्या स्त्रीपुरुषांची संख्या जुळली पाहिजे. नवरा आधी मेला तर एक स्त्री शिल्लक राहते, बायको आधी मेली तर एक पुरुष. या शिलकीचे करावयाचे काय? स्त्रीला जाळा, नाहीतर वैधव्यात कोंडा. पुरुषाला जाळता येत नाही, तेव्हा त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न आलेली मुलगी आणा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढींचा उगम तो येथे दाखवितो. पुढे एका वर्गाने दार लावून घेतल्यावर इतरांनी त्याचे अनुकरण कसे केले, हे सांगण्यासाठी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम तो हाताशी घेतो.

हा निबंध मानववंशशास्त्राचा म्हणावा, लोकसंख्येच्या हिशोबाचा म्हणावा, की स्त्रीदास्याच्या मीमांसेचा म्हणावा? ज्या वर्गात तो वाचला गेला तेथे असे विचारून कोणी दार लावले नाही. आणखी एक गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून सुटते. ज्याला शाळेत संस्कृत घेऊ न दिल्याने फारशी घ्यावी लागली, अशा माणसाने लिहिलेल्या या निबंधात स्वतःच्या वाट्याला आलेला एकही अपमान सांगितलेला नाही. अनुभवाने त्याला प्रश्न दिला. सिद्धतेसाठी तो अनुभवाची सवलत मागत नाही. आपल्या नव्या लेखकांनी हे ध्यानात घ्यावे, असे मला फार वाटते.

याचा अर्थ अनुभवकथन कमी प्रतीचे, असा मात्र कोणी घेऊ नये. आमच्याच जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली आले, तेव्हा ते कोणत्या कप्प्यात ठेवावयाचे हा प्रश्न पडलाच होता. आत्मचरित्र म्हणावे तर त्यात गावगाड्याचे अर्थशास्त्र आहे, आणि समाजशास्त्र म्हणावे तर त्यात एका माणसाची लाज आणि तडफड आहे. 'बलुतं' या एका शब्दातच श्रम, मोबदला, हक्क आणि लाचारी एकत्र नांदतात. दलित साहित्याने विद्याशाखांच्या वेशी अभ्यासक्रमाची वाट न पाहता ओलांडल्या, कारण जे जगणे लिहावयाचे होते त्याला त्या वेशी नव्हत्याच. जोतीरावांची 'गुलामगिरी' (१८७३) तरी काय आहे? पुराणाची चिकित्सा, इतिहासाची मांडणी आणि धोंडिबाशी चाललेला संवाद, हे सारे एकाच पुस्तकात आहे.

वेशी कोणाला आडव्या येतात, याचे एक उदाहरण भिंगारच्या शेजारीच आहे. भुईकोट किल्ला आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीचे नेते तेथे बंदिवासात आले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तेथे लिहिले. मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत मान्य केले आहे. तुरुंग खरा, पण उर्दू, संस्कृत, बौद्ध विद्या, इतिहास आणि कायदा जाणणाऱ्या माणसांची ती एक लिबरल आर्ट्सची शाळाच झाली होती. पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सिंधुसंस्कृतीपासून औद्योगिक धोरणापर्यंत सर्व काही आहे. लेखक ना संस्कृतज्ञ, ना व्यवसायाने इतिहासकार. तरीही आपल्याला येथे येण्याचा अधिकार आहे की नाही, असा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

त्याच १९४६ साली बाबासाहेबांचा 'हू वेअर द शूद्राज?' हा ग्रंथ निघाला. तो जोतीरावांना अर्पण केलेला आहे. त्याच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांना आपल्या संस्कृतच्या ज्ञानाचा खुलासा करावा लागला. आक्षेप येणार हे त्यांनी गृहीत धरले, संस्कृतवर प्रभुत्व नसल्याचे मान्य केले, आणि १५ वर्षे त्या वाङ्मयाची इंग्रजी भाषांतरे अभ्यासणाऱ्याला बोलण्याचा अधिकार का नसावा, असा उलट सवाल केला. नेहरूंच्या ग्रंथाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, एकाच वर्षी दोन ग्रंथ अनेक विद्याशाखांच्या वेशी ओलांडून आले आणि त्यांपैकी एकाच लेखकाला वेशीवर परवाना दाखवावा लागला.

येथे एका सोप्या उपमेपासून सावध राहिले पाहिजे. 'विद्याशाखा म्हणजे ज्ञानातल्या जाती' असे म्हणण्याचा मोह होतो. टाळ्या मिळविणारे वाक्य आहे, पण खरे नाही. विषयाची वेस अभ्यासाने ओलांडता येते, जातीतून बाहेर काढणारी परीक्षा कोणी काढलेली नाही. विषयाच्या शिस्तीला जात म्हटले की जातीची धार बोथट होते आणि शिस्तीचा अपमान होतो. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली लंडनची डी. एस्सी. मिळविणाऱ्या, आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला सेलिग्मनसारख्या अर्थशास्त्रज्ञाची प्रस्तावना लाभलेल्या माणसाने शिस्त टाळली नव्हती, पचविली होती. जात येते ती वेशीवर कोण उभा आहे आणि तो कोणाला अडवितो, या ठिकाणी.

शिवाय विद्याशाखेच्या वेशीत पदेही कोंडलेली असतात. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अध्यापकांच्या आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठाऐवजी एकेक विभाग हे एकक धरले, आणि २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला. १३ बिंदूंच्या नामावलीत अनुसूचित जातीचा क्रम सातवा येतो. म्हणजे ज्या विभागात सहाच पदे, तेथे आपला माणूस आरक्षणाने कधी पोहोचणारच नाही. देशभर आंदोलन झाले आणि २०१९ मध्ये केंद्रीय संस्थांपुरता कायदा करून संस्था हेच एकक पुन्हा मान्य करावे लागले. विभागाची रेघ ज्ञानासाठी ओढलेली असते, असे म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण अभ्यासावे.

दुसरे प्रकरण अधिक बोचणारे आहे. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. २०२२ च्या सुधारित नियमावलीत अशी अट आली की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ती मिळणार नाही. या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत, असे समर्थन करण्यात आले. वाचकांनी क्षणभर विचार करावा. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली तेव्हा ही अट असती, तर 'प्राचीन भारतीय व्यापार' हा एम. ए. चा प्रबंध आणि 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध कोणत्या पैशावर लिहिला गेला असता? बडोद्याच्या शिष्यवृत्तीलाही करार होता, परतून दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची होती. पण कोणता प्रश्न विचारावयाचा नाही, असे त्या करारात नव्हते.

एकीकडे २०२० चे शैक्षणिक धोरण बहुविद्याशाखीय शिक्षणाचा गजर करते, आणि खाजगी विद्यापीठे लाखोंच्या शुल्कावर 'लिबरल आर्ट्स' विकतात. दुसरीकडे जेथे आपली पहिली पिढी संशोधन शिकत होती ती एम. फिल. २०२२ मध्ये बंद झाली, आणि त्याच वर्षी शिष्यवृत्तीच्या दारावर ही पाटी लागली. रोममधील जुना अर्थ परत येतो आहे काय? फुरसत आणि पैसा असलेल्यांनी सर्व विद्यांत विहार करावा, बाकीच्यांनी एकेक कौशल्य शिकून कामाला लागावे?

म्हणूनच माझा निवाडा पुतणीच्या बाजूने आहे. पण तो बिनशर्त नाही. या पदवीच्या पोटात एक विषय असा निवड, की ज्यात तुला कोणी हटविणार नाही, आणि त्याच विषयात 'नेट' दे. बाबासाहेबांच्या यादीतला २९ हा आकडा विसरू नकोस. प्रश्न तुझा ठेव, मार्गदर्शकाच्या सोयीचा करू नकोस. आणि भिंगारच्या म्हाताऱ्यांचे जे ऐकशील ते कागदाशी ताडून पाहा, पण कागद नाही म्हणून ते खोटे मानू नकोस.

भावाला मी सांगितले की, नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तुमचा परबंध बाडात बांधून माळ्यावर पडलाय. त्यात आपल्या गावाचं नाव एकदा तरी आलंय का?"

आलेले नाही. तिच्या प्रबंधाचे पहिले पान भिंगारपासून सुरू होणार आहे. मुलीने प्रवेशाचे पैसे भरले. अर्धे त्याने दिले, अर्धे मी.